स्वभाव, काम आणि ताण

(सोसायटीच्या वार्षिक शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



हे भाषण झाले तेव्हा समोर बहुतेक शिक्षकच होते. पहिल्या रांगेत सोसायटीचे पदाधिकारी होते आणि मागे दाराशी दोन शिपाई उभे होते. स्मरणिका मात्र घरोघर जाते. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या माणसांपर्यंतही तिच्या प्रती पोचतात. म्हणून तोंडी बोललो तेच लिहून काढताना काही ठिकाणी थोडे खुलासेवार लिहिले आहे. विषय केवळ मास्तरांचा नाही. बँकेतला कारकून, एस.टी.चा वाहक, परमुलखात बारा बारा तास उभा राहणारा कामगार, पहाटे उठून रात्री सर्वांच्या मागून निजणारी गृहिणी, हे सर्व त्यात येतात. पण मला जे काम ठाऊक आहे त्याचीच उदाहरणे मी देणार. दुसऱ्याच्या दुखण्यावर व्याख्यान देणे फार सोपे असते.

मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा एक पेपर होता, तो सर्वांप्रमाणे मीही परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. ती पुस्तके पुन्हा उघडावी लागली त्याला एक प्रसंग कारण झाला. तो सांगताना आजही संकोच वाटतो, तरी तोच आधी सांगतो.

मार्च २०२४. रमजान सुरू होता. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. निम्म्या मुलांचे आधार क्रमांक जुळत नव्हते. संकेतस्थळ दहा मिनिटे चाले आणि अर्धा तास बंद पडे. सहरीसाठी उठल्यानंतर मी झोपलोच नव्हतो. अशा स्थितीत चौथ्या तासाला आठवीच्या वर्गावर गेलो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची कंपासपेटी खाली पडली, तिचा आवाज झाला, वर्ग हसला. मी त्या मुलाच्या जवळ गेलो आणि त्याच्या गालावर चापट मारली.

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई आहे, हे मला पाठ होते. आदल्याच वर्षी पालकसभेत मीच ते समजावून सांगितले होते. मुलगाही रोज्याने होता. तो रडला नाही. खाली वाकून कंपासमधल्या वस्तू एकेक करून गोळा करीत राहिला.

मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ शिक्षिका, ज्यांना आम्ही सर्वजण आपा म्हणतो, माझ्यासमोर येऊन बसल्या. वर्गातला प्रकार त्यांच्या कानांवर गेला होता. त्या म्हणाल्या, "भाई, चूक त्या संगणकाची होती ना? मग त्याला मारायचं होतं."

मला जे छळत राहिले ते निराळेच. त्याच दिवशी, त्याच मुदतीत, त्याच बिघडलेल्या संकेतस्थळावर शेजारच्या वर्गाची माहिती माझे एक सहकारी भरीत होते. त्यांचाही रोजा होता. त्यांनी दुपारपर्यंत जेवढी नावे भरली गेली तेवढी भरली, उरलेल्यांची यादी साध्या कागदावर लिहून 'एवढी राहिली आहेत, कारण असे' अशी टीप मुख्याध्यापकांकडे दिली आणि ते वर्गावर जाऊन भूगोल शिकवू लागले. काम तेच, साहेब तेच, पगारही जवळजवळ तोच. मग त्यांच्या हातून मूल का मारले गेले नाही? माझ्याच हातून का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम भेटतो तो हान्स सेल्ये. हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मला आणि पुढे कॅनडातील माँट्रियल येथे संशोधन करीत राहिला. वैद्यकीचा विद्यार्थी असताना त्याच्या वर्गासमोर निरनिराळ्या रोगांचे रोगी आणले जात. प्राध्यापक प्रत्येक रोगाची वेगळी खूण दाखवीत. सेल्येला मात्र वाटे की हे सगळे एकसारखेच दिसतात : भूक मेलेली, अंगात त्राण नाही, चेहरा उतरलेला. पुढे उंदरांवर प्रयोग करताना त्याला आढळले की थंडी असो, जखम असो, अतिश्रम असोत की विषारी द्रव्य असो, शरीराचे उत्तर बरेचसे सारखेच येते. मूत्रपिंडांवरील ग्रंथी वाढतात, जठरात व्रण पडतात. १९३६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याने हे एका लहानशा पत्राद्वारे मांडले. शरीर आधी दचकते, मग तोंड देत उभे राहते, आणि मारा थांबलाच नाही तर अखेरीस थकते, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या. आज आपण ज्याला सर्रास ताण म्हणतो त्याचा शास्त्रीय अभ्यास येथून सुरू झाला.

ताण सगळाच वाईट असे सेल्येही म्हणत नव्हता. आपल्या किनाऱ्यावरच्या कोणाही खलाशाला विचारा. शिडाचा दोर अगदी सैल सोडला तर होडी जागची हलत नाही. परीक्षेची थोडी धास्ती नसेल तर आमची मुले पुस्तक उघडणार नाहीत, आणि तपासणीची थोडी धास्ती नसेल तर आम्ही टाचणवही उघडणार नाही! प्रश्न आहे तो दोर किती आणि किती वेळ ताणून ठेवायचा याचा.

पण उंदीर आणि माणूस यांत फरक आहे. उंदराला थंडी वाजते, माणसाला थंडी वाजण्याआधीच 'उद्या थंडी पडली तर' हा विचार वाजतो. रिचर्ड लॅझरस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच गोष्टीचा पाठपुरावा केला. त्याचे सांगणे थोडक्यात असे, की ताण घटनेतही नसतो आणि निव्वळ माणसातही नसतो. घटना समोर आली की माणूस नकळत मनाशी दोन प्रश्न विचारतो. यात माझे काही बुडणार आहे काय? आणि बुडणार असेल तर माझ्या हाती काय आहे? या दोन प्रश्नांची जी उत्तरे येतील तितका ताण. संकेतस्थळ बंद पडले तेव्हा माझ्या सहकाऱ्यांचे उत्तर होते, माहिती उशिरा जाईल. माझे उत्तर होते, माझी अब्रू जाईल. स्वभाव येथे आड येतो.

आता स्वभावांचे प्रकार. या विषयावर सर्वांत गाजलेले काम सान फ्रान्सिस्कोतील दोन हृदयरोगतज्ज्ञांचे, मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांचे. त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्यांना नवे कापड घालायला आलेल्या कारागिराने त्यांना म्हटले होते, की तुमच्याकडच्या खुर्च्या पाठीकडे झिजलेल्या नाहीत, फक्त पुढच्या कडेला झिजल्या आहेत. म्हणजे रोगी टेकून बसतच नव्हते. कडेवर, उठण्याच्या तयारीत बसत होते. डॉक्टरांनी त्या वेळी या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांना त्याचा अर्थ उमगला. (कारागिराचे ऐकावे, हे आपल्या बुजुर्गांनीही सांगितलेले आहे.)

पुढे या दोघांनी हिशेबतपासनिसांच्या रक्ताची तपासणी केली. अमेरिकेत आयकराची विवरणपत्रे १५ एप्रिलपर्यंत भरावी लागतात. ती तारीख जवळ येई तसतसे या मंडळींचे कोलेस्टेरॉल चढे आणि रक्त लवकर गोठू लागे. हंगाम सरला की पुन्हा पूर्ववत होई. त्यांचे खाणेपिणे तर बदललेले नसे. हा निष्कर्ष १९५८ चा. मार्चअखेरीस आपल्या शाळांत कोणी रक्त तपासायला आले तर काय दिसेल, याची मला उत्सुकता आहे.

१९५९ साली त्यांनी माणसांचे 'अ' आणि 'ब' असे दोन प्रकार मांडले. अ प्रकारचा माणूस सदैव घाईत असतो. समोरच्याचे वाक्य स्वतःच पुरे करतो, जेवण उरकतो, एका वेळी दोन कामे करतो, स्पर्धा नसेल तेथे स्पर्धा निर्माण करतो आणि रांगेत उभे राहावे लागले की चिडतो. एस.टी.त बसून मांडीवर उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. मी तर आरशातही पाहिले आहेत. ब प्रकारचा माणूस आळशी नसतो हे लक्षात ठेवावे. तोही काम पुरे करतो, पण घड्याळाशी त्याचे वैर नसते. ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ नोकरदार पुरुषांवर साडेआठ वर्षे लक्ष ठेवल्यावर अ प्रकारच्यांत हृदयविकार सुमारे दुपटीने आढळला.

येथवर ऐकून अनेकजण समाधानाने मान डोलावतात, पण गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. १९८८ साली त्याच मूळ माणसांच्या नोंदी पुन्हा पाहिल्या तेव्हा असे दिसले, की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यातून जे वाचले त्यांच्यांत अ प्रकारचे लोक ब प्रकारच्या लोकांपेक्षा उलट अधिक जगले. शिवाय या विषयावरच्या पुष्कळ संशोधनाला सिगारेट कंपन्यांनी पैसा पुरवला होता, हेही त्या कंपन्यांचे कागदपत्र बाहेर आल्यावर उघड झाले. दोष स्वभावाचा ठरला की सिगारेट सुटली, हा त्यातला हिशेब. आपल्याकडेही 'टेन्शन आहे म्हणून ओढतो' असे सांगणारे आणि मिश्री, तंबाखू, गुटखा यांना ताणाचे औषध मानणारे थोडे नाहीत. त्यांनी हा तपशील लक्षात घ्यावा.

मग अ प्रकारात खरे घातक काय? संशोधकांनी त्याचे तुकडे करून पाहिले. घाई, महत्त्वाकांक्षा, कामाची हौस आणि रोष. पहिल्या तिन्हींचा गुन्हा सिद्ध होईना, संशय चौथ्यावर जाऊ लागला. सगळे जग आपल्याला आडवे येण्यासाठीच उभे आहे, कोणाचा म्हणून भरवसा नाही, ही मनात सतत धुमसत राहणारी वृत्ती. त्याही बाबतीत सर्व अभ्यास एकमुखाने बोलत नाहीत, तरी काम करणाऱ्याने डोळा ठेवावा तो येथे. जास्त काम करणाऱ्याने भिण्याचे फारसे कारण नाही. जास्त काम करताना मनातल्या मनात सतत कोणाशी तरी भांडत राहणाऱ्याने भ्यावे. त्या मार्चमध्ये मी शिक्षण खात्याशी, संगणकाशी, पालकांशी आणि खुद्द त्या शेजारच्या सहकाऱ्यांशीही भांडत होतो, आणि त्यांपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते.

रागाविषयी आपल्या दीनमध्ये सांगितलेला उपाय आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. उभे असताना राग आला तर बसावे, तरीही गेला नाही तर आडवे व्हावे, अशा अर्थाची हदीस आहे. मी तिच्याकडे फार काळ केवळ अदब म्हणून पाहत होतो. आता शरीरशास्त्र वाचल्यावर वाटते, रागाने शरीर मारामारीच्या तयारीला लागते, छाती धडधडते, स्नायू आवळतात, तेव्हा त्या शरीराला बसवणे हा किती व्यवहारी सल्ला आहे! वर्गात आडवे होता येत नाही. पण खुर्चीत बसता येते. शिक्षकाची खुर्ची वर्गात असते ती शोभेसाठी नव्हे.

दुसरा स्वभाव याच्या उलट. आमच्याकडे पूर्वी एक वरिष्ठ शिक्षक होते, त्यांना आम्ही बडे सर म्हणत असू. आवाज कधी चढला नाही, घाई कधी केली नाही. फ्रीडमन-रोझेनमन यांनी पाहिले असते तर नि:शंकपणे ब प्रकारात घातले असते. पण प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे, ग्रंथालयाची त्यांच्याकडे, शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्याकडे, दहावीचे जादा वर्ग त्यांच्याकडे आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेबही त्यांच्याकडे. 'नाही' हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता, आणि दुसऱ्याने केलेले काम त्यांना पसंतही पडत नसे. वहीतली तांबडी रेघ वाकडी गेली तर ते पान फाडून पुन्हा लिहीत. एके वर्षी मार्चमध्येच त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी रुग्णवाहिकेने मोठ्या शहरात पाठवले, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. अल्लाहच्या मेहेरबानीने वाचले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उशीखालून किल्ल्यांचा जुडगा काढला! रुग्णालयातही तो बरोबर नेला होता. भाभी म्हणाल्या, "हे घेऊन जा आधी." आम्ही घेतला. तेव्हा सर पाठ फिरवून झोपले, आणि मला वाटते त्यांना वाईट वाटले.

कर्तव्यदक्षता हा मुळात आयुष्य वाढवणारा गुण आहे, हे लिहिल्याशिवाय बडे सरांवर अन्याय होईल. कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार हुशार मुलांच्या नोंदी १९२१ पासून ठेवल्या गेल्या होत्या. त्यांतील जी मुले लहानपणी नेटकी व जबाबदार म्हणून नोंदली गेली होती, ती मोठेपणी सरासरीने अधिक वर्षे जगली. तेव्हा नेटकेपणा सोडा असे मी म्हणणार नाही. घातक आहे तो नेटकेपणाशी जोडलेला 'मीच' आणि 'पूर्णच'. बडे सर बरे होऊन परत आले तेव्हा ग्रंथालय एका तरुण शिक्षिकेने सांभाळले होते. दोन पुस्तके हरवली होती. त्यांनी ती नोंद पाहिली, चष्मा पुसला आणि काही बोलले नाहीत. निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षे ते साडेपाचला घरी जात असत.

तिसरा फरक आपल्या बोलीत आधीपासून आहे, तदबीर आणि तकदीर. ज्यूलियन रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली यावर एक प्रश्नावली केली. आपल्या बाबतीत जे घडते ते आपल्या करणीने घडते असे मानणारे काही लोक, आणि ते नशीब, वरिष्ठ, वशिला यांच्यामुळे घडते असे मानणारे दुसरे. सामान्यतः पहिल्या प्रकारच्या माणसाला कामाचा ताण कमी जाचतो, कारण त्याला पुढचे पाऊल दिसत असते.

याचे उदाहरण शोधायला अमेरिकेत जायला नको. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की ज्या सेवेतील शिक्षकांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लागावी की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. म्हणजे आपल्यासारख्या शाळांतील शिक्षकांना दिलासा मिळाला असे नाही आणि शिक्षा झाली असेही नाही. अधांतरी ठेवले गेले, आणि अधांतरी असणे ही ताणाची फार वाईट जात आहे. त्या आठवड्यात शिक्षक-खोलीत मी जे पाहिले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे होते. एकजण दुसऱ्याच दिवशी परीक्षेची पुस्तके घेऊन आले. एकजण तीन आठवडे सरकारला, न्यायालयाला आणि देशाला बोल लावीत होते. त्यांनी पुस्तक उघडले नाही, रक्तदाबाची गोळी मात्र अर्धीची एक झाली. तिसरे म्हणाले, तकदीरमध्ये असेल ते होईल, आणि ते शांत दिसले. पण रात्री दोन वाजता ते व्हॉट्सअॅपवर याच विषयाचे संदेश पुढे पाठवीत, यावरून त्या शांतीची पारख होते.

आणि आपा? त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे. सत्तावीस वर्षे उर्दू शिकवली. परीक्षेत बालमानसशास्त्र आहे, भाषा आहेत, पण गणितही आहे, आणि गणित त्यांनी मॅट्रिकनंतर हातात धरलेले नव्हते. त्या दोन दिवस रडल्या. आम्हा सर्वांसमोर, लपवून नव्हे. तिसऱ्या दिवशी आमच्याकडच्या सर्वांत तरुण गणित शिक्षकाला, जो त्यांच्याच हाताखाली सहावी शिकला होता, त्यांनी बोलावले आणि म्हटले, "बेटा, अपूर्णांकापासून सुरू कर." मानसशास्त्राच्या भाषेत आपा चिंताळू स्वभावाच्या. अशा स्वभावाच्या माणसांना कामाचा ताण आणि त्यातून येणारा शिणवटा अधिक होतो, ही बाब अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळली आहे. पण चिंताळूपणा वेगळा आणि हातपाय गाळणे वेगळे. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, असा जो दाखला आपल्याकडे दिला जातो त्यात उंटवाल्याला काळजी वाटू नये असे कोठेच म्हटलेले नाही.

आता पहिल्या रांगेतील मंडळींसाठी दोन शब्द. भाषणात ते बोललो होतो, म्हणून छापतानाही गाळत नाही.

स्वभावावर इतके बोलल्यानंतर 'चला, शिक्षकांचा स्वभाव सुधारला की काम झाले' असा अर्थ काढला जाण्याची भीती आहे. तो अर्थ सोयीचा आहे, पण खरा नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. मोठ्या साहेबांना जबाबदाऱ्या अधिक, म्हणून हृदयविकार अधिक, असा सर्वांचा समज होता. निघाले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतील माणसांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पुरता मिटला नाही. रॉबर्ट कॅरासेक याने १९७९ साली त्याच सुमाराची गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. काम पुष्कळ असणे तितके मारक नसते. काम पुष्कळ आणि ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मोकळीक मात्र नाही, हे मारक असते.

शाळेत हे कसे दिसते? शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते, की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणबाह्य कामाला जुंपू नये. पण कागद भरणे हे शिक्षणबाह्य की शिक्षणांतर्गत, याचा निवाडा कोण करणार? सायंकाळी सात वाजता संदेश येतो, सकाळी दहापर्यंत माहिती द्या. सरकारचा संदेश आपण थांबवू शकत नाही. परंतु संस्थेची बैठक शनिवारी दुपारी आहे हे शुक्रवारी रात्री न कळवता सोमवारी कळवणे आपल्या हाती आहे. तासिकांचे वेळापत्रक करताना ज्याला शिकवायचे आहे त्याला एकदा विचारणे आपल्या हाती आहे. कार्यालयात आणखी एक माणूस नेमावा, मग तो अर्धवेळ का असेना, ही मागणी मी जाहीरपणे केली. माझ्या स्वभावाची दुरुस्ती मी करीन. तुम्ही लिपिकाचे पाहा.

ताणाचे परिणाम म्हटले की आपण रक्तदाब आणि साखर मोजतो, कारण ती मोजता येतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर याने १९७४ साली ज्याचे वर्णन केले तो कामातला करपलेपणा मात्र यंत्रावर दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात त्याला रोग न म्हणता नोकरीशी निगडित स्थिती म्हटले आहे. त्याच्या तीन खुणा सांगतात : शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन दूर जाणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. शिक्षकाच्या बाबतीत मधली खूण मला सर्वांत भयंकर वाटते. मुलांची नावे आठवेनाशी होतात. 'तो तिसऱ्या बाकावरचा' एवढेच उरते. दुसरा परिणाम घरी दिसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांशी गोड बोलून संयम संपलेला असतो, आणि स्वतःच्या मुलाने एक प्रश्न दोनदा विचारला की स्फोट होतो. अनेक शिक्षकांच्या घरी सायंकाळी सहा ते सात मुले खालच्या आवाजात बोलतात. ती शिस्त आहे असे आपण समजतो.

भाषणानंतर एका तरुण शिक्षकांनी विचारले, "सर, स्वभाव बदलतो काय?" मी म्हटले, माझा अजून बदललेला नाही. आजही रांगेत मी चुळबुळतो. मात्र काही कामे अशी आहेत जी मी विशिष्ट वेळी करीत नाही. माहिती भरण्याचे काम असेल त्या दिवशी वर्गात जाण्यापूर्वी पाच मिनिटे नळावर जाऊन तोंड धुतो. अस्रची वेळ असेल तर वझूच होतो. वर्गात राग आला की खुर्चीत बसतो. मुलांना हे कळले आहे. मी अचानक बसलो की वर्ग गप्प होतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणते, "सर बसले." आणि ज्या दिवशी काम पुरे होत नाही त्या दिवशी शेजारच्या सहकाऱ्यांप्रमाणे साध्या कागदावर टीप लिहून देतो. पहिली टीप लिहिताना हात जड झाला होता. मुख्याध्यापकांनी ती वाचली, टाचणी लावून फायलीत ठेवली आणि चहा मागवला.

आणखी एक प्रश्न आला होता, त्या मुलाचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. संध्याकाळी त्याच्या घरीही गेलो. वडील कुवेतला असतात. आई दारात आली आणि इफ्तारची वेळ होत आली होती म्हणून तिने मला आत बोलावून खजूर दिला. तक्रार केली नाही. मुलगा यंदा दहावीत आहे. गणितात बरा आहे, अक्षर सुरेख आहे. मला सलाम करतो, विचारले तेवढ्याचे उत्तर देतो. हजेरी घेताना त्याचे नाव आले की मी वर पाहतो, तो "हजर" म्हणतो, आणि त्याची नजर वहीवरच असते.